तापाची गाठ

बशीर मिस्त्रीला बक्षिसाचा डबा मिळाला, त्या दिवसापासून जिनिंगमध्ये त्याच्याशी कोणी धड बोलेनासं झालं.

डबा स्टीलचा, तीन कप्प्यांचा. अंकुरसाहेबांनी तो सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर दिला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. ही सभा रोजचीच. कामाचा भोंगा आठला, सभा पावणेआठला. सगळ्यांनी उभ्यानेच ऐकायची, आणि तेवढा वेळ हजेरीत धरला जायचा नाही.

पुंडलिकरावांची ही जिनिंग राळेगावच्या रस्त्याला. साल दोन हजार सहा. त्या हंगामात कापसाला भाव नव्हता, रुईला गिऱ्हाईक नव्हतं, आणि रस्त्यावरच्या सात जिनिंगांपैकी चारांच्या फाटकांना कुलपं होती. पुंडलिकरावांनी कुलूप लावण्याऐवजी पुण्याहून पुतण्याला बोलावलं. अंकुर तिकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. कमी माणसांत, कमी जागेत, कमी वेळात काम कसं उरकायचं, ती विद्या तो तिथून घेऊन आला. आल्या आल्या त्याने जमिनीवर पिवळे पट्टे मारले आणि कोणी कोणत्या पट्ट्यात उभं राहायचं ते ठरवून टाकलं. बाकं गेली, स्टुलं गेली. पाण्याचा माठ प्रेसजवळून उचलून ऑफिसच्या भिंतीला नेला, कारण पाण्याला गेलेला माणूस तिथे काचेतून दिसतो. संडासला जायचं तर लाकडी बिल्ला मागायचा. माणसं चाळीस, बिल्ले दोन. महिनाभर ज्या वस्तूला कोणाचा हात लागला नाही तिच्यावर लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठी लागली की वस्तू भंगारात. हे सगळं झाल्यावर साहेबांनी गळ्यात घड्याळ अडकवलं आणि ते एकेका माणसाच्या मागे उभे राहू लागले. कोणी पाठीमागून आपल्या हाताचे सेकंद मोजत असला की स्वतःचाच हात चोराचा वाटायला लागतो.

बशीरचं वय अठ्ठावन्न. त्यातली सव्वीस वर्षं प्रेसवर. रेच्यांच्या यंत्रांत कापसातून सरकी वेगळी व्हायची, रुई प्रेसच्या पेटीत यायची. ती दाबायची, तारा बांधायच्या आणि पावणेदोनशे किलोची गाठ बाहेर ढकलायची, हे त्याचं काम. तारा द्यायला भावसिंग होता. नऊ वर्षांत दोघांची अशी सवय झाली होती की बशीरने मागे न पाहता हात पसरावा आणि त्यात तार यावी. भावसिंग त्याला चाचा म्हणायचा.

एका सभेत अंकुरसाहेब म्हणाले, "काम तुम्ही करता. ते सोपं कसं होईल हे तुमच्याइतकं मला कळणार नाही. सांगा. चांगल्या सूचनेला बक्षीस."

माणसं जमिनीकडे पाहत राहिली. बशीरच्या डोक्यात मात्र एक गोष्ट कित्येक वर्षांची होती. तारा उजव्या बाजूला जमिनीवर पडलेल्या असत. एका गाठीला आठ तारा, म्हणजे भावसिंग आठ वेळा वाकायचा. संध्याकाळी त्याला सायकलवर टांग टाकता येत नसे. बशीर बोलून गेला, तारा डाव्या अंगाला खांद्याइतक्या उंच टांगा, म्हणजे वाकायला नको.

साहेबांनी तारा टांगल्या, घड्याळ लावलं आणि पाहिलं, तर तार आता बशीरच्याच हाताला लागत होती. तिसऱ्या दिवशी बशीरला डबा मिळाला. चौथ्या दिवशी भावसिंगला फाटकावरच थांबवलं.

बशीर धावत फाटकाशी गेला.

"काय सांगतलं तू त्याले?" भावसिंगने विचारलं. चाचा हा शब्द त्याच्या तोंडून त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

"तुह्या कंबरीसाठी सांगतलं, भावसिंग. अल्लाकसम."

"माही कंबर तुले कोनं सोपवली होती? मोडली असती तर मोडली असती. आता सरळ झाली, तिले घेऊन कुठं जाऊ?"

"मी मालकाले बोलतो."

"तू नको बोलू. हात जोडतो बावा, तू नको बोलू. तुहं तोंड उघडलं का कोनाची ना कोनाची रोजी जाते." मग तो फाटकाच्या दांड्यांतून वाकून म्हणाला, "डब्यात काय आनलं आज? भाजी हाये का भावसिंग?"

मागे उभी असलेली माणसं हसली. त्या हसण्यात बशीरच्या बाजूचं कोणी नव्हतं.

बशीर मालकाकडे गेलाच. पुंडलिकरावांनी वर्तमानपत्रातून मान काढली नाही. "अंकुर पाहते ते. तू त्याच्याशी बोल," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर प्रेसवर दोघंच उरले. बशीर, आणि मोटर सांभाळणारा इम्तियाज. इम्तियाज चोवीस वर्षांचा आणि हुशार. तो दर तासाला फळ्यावर गाठींचा आकडा लिहायचा आणि बशीरकडे पाहायचासुद्धा नाही. कारण साहेबांनी सांगून ठेवलं होतं की महिनाअखेर प्रेसवर एकच माणूस राहील. कोण राहणार, तेही फळ्यावरूनच ठरणार होतं. शेडमधून एक दोरी फिरवलेली होती. ज्याला काही बिघाड दिसेल त्याने ती ओढायची. घंटा वाजायची, रेचे थांबायचे, फाटकही बंद व्हायचं, आणि बिघाड सापडेपर्यंत माल बाहेर जायचा नाही. दोरी ओढायचा हक्क सगळ्यांना होता. फक्त ओढणाऱ्याचं नाव फळ्यावर लागायचं, आणि तिसऱ्यांदा नाव लागलं की माणूस घरी. बशीरचं नाव दोनदा लागलेलं होतं. दोन्ही वेळा तार तुटली होती, आणि दुसरी तार धरायला मागे कोणी नव्हतं.

आता तापाच्या गाठीचं सांगायला हवं.

कापसात कधी खिळा येतो, कधी विळ्याचा तुकडा, कधी गारगोटी. ती रेच्यात गेली की ठिणगी उडते. ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्ये आली आणि गाठीत दाबली गेली, तर ती विझत नाही. हवा नसते म्हणून भडकतही नाही. आतल्या आत सावकाश खात बसते, चार दिवस, आठ दिवस. अशी गाठ बाहेरून थंड लागते आणि एक दिवस गोदामासकट जाते. म्हणून जुनी रीत अशी, की ठिणगी पडली की त्यानंतरच्या तीन गाठी अंगणाच्या टोकाला ओट्यावर न्यायच्या. त्यांना तापाच्या गाठी म्हणायचं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ प्रेसच्या मिस्त्रीने त्यांच्या पोटात टोकदार सळई ठोकायची, थोडा वेळ ठेवायची, काढून मनगटाला लावायची. सळई गार निघाली तर गाठ बरी. बशीरने सव्वीस वर्षांत अशा अकरा गाठी धरल्या होत्या.

सळईला महिनाभर कोणाचा हात लागला नव्हता. तिला लाल चिठ्ठी लागली. ओटा ट्रक वळवायला आडवा येत होता, तो फोडला.

डिसेंबरातला दिवस. अकराचा सुमार. कापूस वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कचरा वेचणारी हंसाबाई बिल्ला घेऊन प्रेसजवळून गेली आणि न थांबता, तोंडावरचा पदर न काढता पुटपुटली, "बशीरभाऊ, सात नंबरच्या रेच्यात ठिणगी पडली."

"दोरी काहून नाई ओढली?"

"ओढू अन् घरी जाऊ? दोन डाव लागलं माहं नाव." ती खोकली. आता पट्ट्यावरच्या सगळ्याच बाया खोकत. "बारा जनी होतो तवा खिळा जाऊ देला का कवा? आता चौघी हावो. डोयाले दिसते, हात पोचत नाई. पट्टा पयते ना बावा."

"केव्हा पडली?"

"अर्धा घंटा झाला. बिल्ला भेटाले तर पायजे!"

अर्ध्या तासात तीन गाठी निघून गेल्या होत्या. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पूर्वी त्या अंगणात पडून राहिल्या असत्या. आता माल पडून राहायचा नाही असा नियम. नागपूरला माल नेणाऱ्या पूनमसिंगचा ट्रक धक्क्याला लागलेला, गाठ निघाली की हमाल ती थेट त्यात ढकलत.

जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. बशीरने डबा उघडलाच नाही. तो धक्क्यावर गेला, ट्रकच्या मागच्या फाळक्याजवळच्या गाठींवर तळहात फिरवला, तारांच्या मधल्या फटीत नाक घातलं. बेचाळीस नंबरला कापड इस्त्रीखाली राहिल्यासारखा वास होता. पुसट. मिस्त्रीखेरीज दुसऱ्या कोणाला आला नसता.

तो ऑफिसात गेला.

"गाठ गरम आहे?" अंकुरसाहेबांनी विचारलं.

"वरून नाई, साहेब."

"मग?"

"आतून असन."

"असेल की आहे?"

"सळई लावली तर समजन. सळई तुमी भंगारात देली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बशीर, तुझ्या नाकावर मी ट्रक थांबवू? संध्याकाळी पाचला माल निघाला नाही तर पुढचा सौदा जातो. आठ दिवस ओट्यावर माल वाळत घालायचे दिवस गेले. आणि तुला एवढी खात्री आहे तर दोरी ओढ ना. हक्क आहे तुझा. मी तुला अडवलंय का?"

बशीर साहेबांच्या मागच्या काचेत पाहत होता. तिथून फळा दिसत होता. तो परत जाऊन आपल्या पिवळ्या पट्ट्यात उभा राहिला आणि आठ तारांनी पुढची गाठ बांधली. मग त्याच्या पुढची.

साडेचारला ट्रक भरला. दुपारनंतरच्या गाठी पुढच्या बाजूला वरच्या थरात चढल्या होत्या, बेचाळीस नंबर फाळक्याशीच होती. वर उभा राहून दोर आवळत होता तो भावसिंग. प्रेसवरून निघाल्यावर पूनमसिंगने त्याला क्लीनर म्हणून घेतलं होतं. दिवसभर तो धक्क्यावर होता, आणि दिवसभरात त्याने एकदाही प्रेसकडे पाहिलं नव्हतं. बशीरने इम्तियाजला म्हटलं, "एक मिनिट पाह्य." इम्तियाजने मान हलवली नाही, तरी बशीर गेला.

"भावसिंग, बेचाळीस नंबर खाली घे. तापाची हाये."

भावसिंग दोर आवळत राहिला. "या मिस्त्रीसाहेब. आता काय बक्षीस हाये? कुकर का?"

"मजाक नाई करून राह्यलो. ठिणगी पडलती. वास येते."

"मंग दोरी ओढ."

"माहं तिसरं नाव लागन."

"अस्सं!" भावसिंग वरून खाली वाकला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुहं नाव लागू नये म्हनून मी गाठ पाडू? माल पाडला म्हनून पूनमसिंग मले हाकलन, अन् तू तुह्या पट्ट्यात उभा! एक रोजी खाल्ली, पोट नाई भरलं तुहं?"

"अबे, तुहा जीव जाईन!"

"माह्या जिवाचं मी पाहीन. तू कंबरीचं पाह्यलं तेवढं लई झालं."

हमाल हसले. कोणीतरी शिटी मारली. बशीरच्या कानशिलात रक्त चढलं. मर मग, असं त्याच्या तोंडाशी आलं. जळ त्या गाठीसकट. तो वळला आणि चालू लागला, आणि चालताना त्याला खरोखर हलकं वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. साहेबाला सांगितलं, याला सांगितलं. आता पुढे काय व्हायचं त्याला बशीर जबाबदार नव्हता.

मागे ट्रक सुरू झाला. बशीरने वळून पाहिलं. केबिनमध्ये दलालाची माणसं बसली होती, म्हणून भावसिंग मागेच चढला होता. फाळक्याशी पाय सोडून, पाठ टेकून बसला होता. पाठ बेचाळीस नंबरला टेकली होती. ट्रक नागपूरच्या रस्त्याला लागला की वारा त्या फटीत थेट घुसणार होता.

बशीर शेडच्या खांबाशी गेला आणि त्याने दोरी ओढली.

घंटा कर्कश वाजली. रेचे घरघरत थांबले. चौकीदाराने नियमाप्रमाणे फाटक ओढलं, आणि पूनमसिंगचा ट्रक फाटकाच्या तोंडाशी अडला. पूनमसिंग खिडकीतून शिव्या देऊ लागला. इम्तियाजने खडू उचलला आणि फळ्यावर नाव लिहिलं. साहेब ऑफिसातून बाहेर आले ते घड्याळ दाबतच.

"टॉमी दे," बशीर ट्रकच्या मागे येऊन भावसिंगला म्हणाला.

भावसिंगने पाहिलं, नाव लागलंय. मग त्याने फाळक्याच्या कोपऱ्यातली जॅकची टॉमी, लांब टोकदार लोखंडी दांडी, उचलून फेकली, अशी फेकली की ती बशीरच्या पायाशी दगडावर आपटली. हातात दिली नाही.

बशीर वर चढला. टॉमीचं टोक दोन तारांच्या मधे धरून हमालाच्या घणाने ठोकलं. रुई दगडासारखी दाबलेली. टॉमी हातभर आत जाईपर्यंत त्याचा सदरा घामाने भिजला. मग तो गप्प उभा राहिला. ओठ हलत होते. खाली चाळीस माणसं उभी होती, आणि साहेबांच्या गळ्यातलं घड्याळ चालू होतं.

त्याने टॉमी उपसली आणि भावसिंगपुढे धरली. "नऊ वर्षं पाह्यलं तू. लाव."

भावसिंगने मनगट पुढे केलं आणि झटक्याने मागे घेतलं.

त्याने हमालाचा लोखंडी आकडा उचलला, गाठीत रोवला, पाय लावला. बशीरने दुसऱ्या बाजूने खांदा दिला. गाठ फाळक्यावरून खाली कोसळली. हमालांनी ती ओढत उघड्या जागेत नेली, वाळूच्या बादल्या आणल्या, तारा तोडल्या. रुई फुगून उघडली. मधोमध ताटाएवढं काळं होतं. वारा लागताच त्याच्या कडा लाल झाल्या आणि फरफर करत धावू लागल्या. माणसांनी वाळू टाकली, पाणी टाकलं, पायांनी तुडवलं. धुराने सगळ्यांचे डोळे भरले. हंसाबाई लांब उभी राहून मोठमोठ्याने मालकाच्या खानदानाचा उद्धार करत होती, आणि तिला गप्प बस म्हणायला कोणी धजावलं नाही.

आग विझल्यावर अंकुरसाहेब बशीरजवळ आले. रागावलेले दिसत नव्हते. त्यांच्या हातात वही होती.

"छान पकडलीस," ते म्हणाले. "किती खोल घातलीस? किती वेळ ठेवलीस? मनगटाला म्हणजे नक्की कुठे? सांग, लिहून घेतो. हा तक्ता प्रेसवर लावू. म्हणजे कोणालाही करता येईल."

बशीरने ती वही ओळखली. तारा टांगल्या तेव्हाही हीच होती.

"हातालेच समजते, साहेब. सांगता नाई येत."

"येतं रे. प्रत्येक गोष्ट सांगता येते." साहेब हसले. "तुझं तिसरं नाव लागलंय, ठाऊक आहे ना? नियम मी एकट्यासाठी मोडू शकत नाही. पण हे नीट लिहून दिलंस तर काकांशी बोलून बघतो."

"नाई येत सांगता," बशीर पुन्हा म्हणाला.

साहेब भावसिंगकडे वळले. "तू होतास ना याच्या हाताखाली? तुला माहीत असेल."

भावसिंग मनगट चोळत उभा होता. तिथे तांबूस वळ उठला होता. त्याने बशीरकडे पाहिलं. डोळ्यांत आभार नव्हते, लाजही नव्हती.

"मले काय मिळन?" त्याने साहेबांना विचारलं.

"प्रेसवर एक जागा रिकामी होतेय."

पूनमसिंगने हॉर्न वाजवला. भावसिंगने तिकडे पाहिलं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "तारीच्या मधात ठोकाची. कोपरापावतर आत. मंग मोजाचं. काढली का मनगटाच्या आतल्या बाजूले लावाची, जिथं नाडी लागते. तळहाताले नाई, तळहात बेइमान असते."

"किती मोजायचं?"

"शंभर."

साहेबांनी लिहिलं.

बशीर तिथेच उभा होता. त्याने हंसाबाईकडे पाहिलं, प्रेसकडे पाहिलं, इम्तियाजकडे पाहिलं. शंभरात लोखंड नुसतं कोमट होतं. कोमट सळईला हात लावून भावसिंग म्हणणार, बरी आहे. गाठ रचली जाणार, आणि तिच्या शेजारी पट्ट्यावरच्या या चौघी बाया उभ्या असणार.

"दोनशे," बशीर म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"शंभराले फसशीन तू. मी मनात मोजतो, तुले कसं समजन? दोनशे मोजाचे, अन् सावकाश. मोटर चालू असली तर अडीचशे, मोटरच्या हवेनं लोखंड थंड होते."

साहेबांनी शंभर खोडलं आणि दोनशे लिहिलं. मोटरचंही लिहिलं. वही बंद केली आणि बशीरला म्हणाले, "हिशोब घे आणि सही करून जा ऑफिसात."

भावसिंग जमिनीवर थुंकला. "पाह्यलं साहेब? घर बुडून राह्यलं, तरी याले तोंड बंद ठेवता नाई येत."

मग त्याने टॉमी उचलली आणि ट्रकवर चढून त्रेचाळीस नंबरच्या गाठीशी गेला. घणाने ठोकली. पाठ बशीरकडे करून मोठ्याने मोजू लागला. सगळ्या अंगणात त्याचा एकट्याचा आवाज होता. शंभराशी आला, थांबला, खाकरला, आणि मागे न पाहता पुढे मोजत राहिला.